तेफोचे तळहात

तेफोच्या हातांना एक खोड होती, आणि ती त्याला पगारासकट मिळाली होती.

मासेरू ही आमची राजधानी. तिथल्या टेकडीवर 'निळा डोंगर' नावाचं हॉटेल आहे. हॉटेलात कॅसिनोही आहे, असं पाहुण्यांना सांगतात. खरं म्हणजे कॅसिनोला लागून थोडंसं हॉटेल आहे. तिथे तेफो रुलेटच्या टेबलावर डीलर होता. चाक फिरवायचं, पांढरी गोळी उलट्या दिशेने सोडायची, हरलेल्यांच्या रंगीत चकत्या दोन्ही हातांनी ओढून घ्यायच्या, जिंकलेल्यापुढे त्याच्या चकत्यांची उतरंड रचायची आणि दोन्ही वेळी चेहऱ्यावर सारखाच आनंद ठेवायचा. एवढं झालं की मुख्य काम. चकत्यांना लागलेला हात दुसऱ्या कशाला लावण्याआधी तळवे एकमेकांवर हलकेच आपटायचे, बोटं फाकवायची, तळवे उताणे करायचे, मग पालथे. हे छतातल्या कॅमेऱ्यासाठी. वरच्या खोलीत पडद्यांसमोर बसलेल्या माणसाची खात्री पटली पाहिजे, की चकती बाहीत गेलेली नाही. डीलरच्या पँटला खिसेच नसतात. नाकाला खाज सुटली तरी आधी टाळी, मग तळवे, मग नाक.

वर्षानुवर्षं हे केलं की हात मालकाला विचारेनासे होतात. घरी मक्याच्या उकडीचा शेवटचा घास खाल्ला की तेफो ताटावर टाळी वाजवून छताला तळवे दाखवायचा. टॅक्सीत मागच्याचं भाडं पुढे पोचवलं की तळवे. एकदा मित्राचं तान्हं बाळ मांडीवर घेऊन त्याने आईच्या हातात परत दिलं आणि तळवे दाखवले. त्या माउलीने ताबडतोब बाळाचं टोपडं आणि मोजे जागेवर आहेत का ते पाहिलं.

हे सगळं खपून गेलं असतं, पण तेफो प्रेमात पडला.

पुलेंग औषधांच्या दुकानात कामाला होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती कॅसिनोत आली, सतरावर एक चकती ठेवली, हरली, आणि रागाने तेफोला म्हणाली, "त्या गोळीला जरा धीर धरायला शिकवा की!" तेफोने त्या दिवशी चेहऱ्यावर जो आनंद ठेवला, तो नियमापेक्षा बराच जास्त होता. वरून फोनही आला, की चार नंबरचा डीलर हसतोय का.

प्रकरण लग्नापर्यंत आलं आणि तिथे पुलेंगची आई बसलेली होती. आमच्याकडे थोरल्या लेकराच्या नावावरून आईला हाक मारतात, म्हणून त्या मापुलेंग. चर्चच्या महिला संघाच्या त्या अध्यक्ष आणि गायकमंडळाच्या मुख्य. दर गुरुवारी लाल ब्लाउज, पांढरी कॉलर आणि काळा स्कर्ट घालून त्या रस्त्यावरून निघाल्या की गल्लीतले दारू गाळणारे आपापली पिंपं झाकून स्तोत्र गुणगुणायला लागत. जुगार, दारू आणि अरुंद स्कर्ट, या क्रमाने त्यांनी पापांची वर्गवारी केलेली होती. जुगार पहिला.

"आईला सांगितलंस का?" तेफोने विचारलं.

"सांगितलं. हॉटेलात आहे म्हणाले."

"मग?"

"हॉटेलात काय करतो, असं विचारलं. म्हटलं, पाहुण्यांची सेवा."

"हे काही खोटं नाही."

"खरंही नाही," पुलेंग म्हणाली. "बाकीचं तू सांगायचंस. तुझे काका माझ्यासाठी द्यायच्या गाईंची बोलणी करायला आमच्या दारात यायच्या आत. नंतर कळलं ना, तर ती गाई ठेवून घेईल आणि तुला परत पाठवेल."

तेफोने मान डोलवली. येत्या रविवारी सांगून टाकायचं, असं ठरलं.

रविवारी तो कोट घालून चर्चमध्ये गेला. पुढून तिसऱ्या बाकावर बसला, बरोबर छपराला जिथे भोक होतं त्याच्या खाली. दानाचं ताट फिरत फिरत त्याच्याकडे आलं. त्याने नोट टाकली, ताट शेजारणीकडे दिलं, आणि हातांनी आपलं काम केलं. टाळी. बोटं फाकली. तळवे छपराकडे, मग पालथे.

गायकमंडळासमोर उभ्या असलेल्या मापुलेंगबाईंनी ते पाहिलं. स्तोत्राच्या मधोमध त्यांचा हात हवेतच राहिला आणि खर्जातले पुरुष एक ओळ जास्त गायले.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी तेफोला अंगणात गाठलं.

"ए मुला, मघाशी ते काय केलंस?"

तेफोने सगळं सांगायला तोंड उघडलं. "म्मे, ते असं आहे, की मी..."

आईच्या वयाच्या बाईला आम्ही म्मे म्हणतो. तेफोने तो शब्द इतक्या कळवळून उच्चारला, की मापुलेंगबाईंचे डोळे भरून आले.

"सांगू नकोस. कळलं मला. देवा, तुझ्या ताटातलं माझ्या हाताला काही चिकटलेलं नाही. तू बघ आणि खात्री कर. असंच ना?"

"साधारण तसंच, म्मे," तेफो म्हणाला. शब्द न् शब्द खरा होता, हीच अडचण होती.

गुरुवारी महिला संघाला टाळी आणि तळवे शिकवण्यात आले. पुढच्या रविवारी अख्खी मंडळी ताट पुढे सरकवून छपराला हात दाखवू लागली. पाद्रीबाबांना कुणीतरी सांगितलं, की ही डोंगरातली जुनी चाल आहे. त्यांनी शुद्ध हातांवर प्रवचन दिलं. ते इतकं रंगलं, की दुसऱ्या रविवारी पुन्हा दिलं. ताट घेऊन फिरण्याचा मान अनेक वर्षं न्ताते रापित्सो (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो) या वयस्कर गृहस्थांकडे होता. आता त्यांनाही सगळ्यांदेखत तळवे दाखवावे लागले. तेव्हापासून दान वाढलं आणि न्ताते रापित्सोंची तब्येत उतरत गेली. या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडला नाही, कारण ते चर्च होतं.

"सांगितलंस?" पुलेंग दर आठवड्याला विचारायची.

"कसं सांगू? तुझ्या आईने माझ्यासाठी मोजे विणायला घेतलेत."

"मोजे उसवता येतात," पुलेंग म्हणाली. "माझ्या मामांनी बोलण्यांचा शनिवार ठरवलाय. त्याच्या आत बोल."

त्याच सुमारास हॉटेलने जाहिरात लावली: बुधवारी पेन्शनरांचा दिवस. कोंबडीचं जेवण फुकट, सूप फुकट, चहा लागेल तेवढा. शिवाय हॉटेलच्या हॉलमध्ये गायकमंडळांची स्पर्धा. पहिलं बक्षीस, छपराचे नवे पत्रे.

महिला संघात यावर वाद झाला. "जागा वाईट आहे," कोषाध्यक्ष म्हणाल्या.

"हॉलमध्ये जायचंय, कॅसिनोत नाही," मापुलेंगबाईंनी निकाल दिला. "आणि भोक देवाच्या घराला पडलंय. कॅसिनोला नाही."

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. कॅसिनो बांधणारे लोक फार विचारी असतात. 'निळ्या डोंगरा'त हॉलकडे जायचं तर वाट यंत्रांमधून. जेवणाकडे जायचं तर यंत्रांमधून. संडासाला जायचं तरी यंत्रांमधून, आणि परत येतानाची वाट तर आणखी लांबची. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही. वेळ विचारली तर कुणीतरी कॉफी आणून देतं.

तेफो धावत न्ताते मोलिसेंकडे गेला. चार टेबलांवर देखरेख करणारे ते साहेब.

"साहेब, बुधवारी सुट्टी द्या."

"बुधवारी कोंबडी असते. कोंबडीच्या दिवशी सुट्टी नसते."

"मग मला आत चकत्या पुसायला बसवा."

मोलिसेंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सासूबाई येणार वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या आल्या होत्या तेव्हा मी टेबलाखाली बसलो होतो. काही उपयोग नाही रे. वरून फोन आला, सात नंबरचा डीलर मांजर शोधतोय का."

बुधवार उजाडला. कॅसिनोत उजाडत नाही, पण बाहेर उजाडला. काठ्या टेकत, ब्लँकेटं पांघरून पेन्शनर आले. दारातल्या मुलीने प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला लावलेलं एक कार्ड अडकवलं. त्या कार्डात हॉटेलतर्फे थोडे खेळायचे पैसे भेट होते. आजोबा मंडळी कार्ड यंत्रात खोचायची आणि दोरी गळ्यातच ठेवायची. लांबून बघितलं तर सगळी यंत्रं म्हाताऱ्यांना दूध पाजताहेत असं वाटायचं.

आणि मग दारात लाल ब्लाउजांची रांग दिसली.

मापुलेंगबाई सर्वांत पुढे होत्या. नजर सरळ, पाऊल ठाम. मागे स्त्रिया, त्यांच्या मागे काळ्या सुटातले पुरुष, आणि उंच सुरांच्या ओळीत पुलेंग. पहिल्या यंत्रापाशी येताच बाई थबकल्या. आता त्यांची नजर आपल्यावर पडणार, असं तेफोला वाटलं. पण बाईंनी डोळे मिटले होते. त्या ऐकत होत्या.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "ही झाडून सगळी यंत्रं एकाच 'दो'मध्ये वाजताहेत."

आमच्याकडचं गाणं दो-रे-मी वर चालतं. सगळ्यांनी कान दिले. खरंच होतं. शेकडो यंत्रं किणकिणत होती आणि एकही बेसूर नव्हतं. कॅसिनोवाले ते मुद्दाम तसंच लावून घेतात, म्हणजे माणसाला कितीही वेळ बसलं तरी त्रास होत नाही.

"जागा सैतानाची," मापुलेंगबाई नाइलाजाने म्हणाल्या, "पण सूर पक्का."

रांग पुढे सरकली. रुलेटच्या टेबलांपाशी आली. तेफो हिरव्या कापडाकडे बघत उभा होता, जणू पहिल्यांदाच बघतोय. आणि नेमक्या त्याच क्षणी पाळी बदलली.

पाळी बदलते तेव्हा नवा डीलर येऊन जुन्याच्या खांद्याला हात लावतो. जुना टेबलावरून हात काढतो, टाळी वाजवतो, तळवे दाखवतो आणि बाजूला होतो. सगळ्या टेबलांवर एकदम. पत्त्यांचे, फाशांचे, चाकांचे, सगळे डीलर. त्या प्रचंड खोलीत एकच टाळी पडली आणि काळे बो बांधलेल्या पोरापोरींनी छताकडे तळवे पसरले. तेफोनेही. हात मालकाला विचारत नव्हते.

"बघा," मापुलेंगबाई कुजबुजल्या. "इथेसुद्धा!"

त्यांनी हात उचलला. मागे अख्ख्या गायकमंडळाने, तालमीला लाजवेल अशा एका ठेक्यात, टाळी दिली. तळवे वर. तळवे पालथे.

एका आजोबांनी हातातलं कार्ड तोंडात धरलं आणि आपलेही तळवे दाखवून टाकले, उगीच संशय नको म्हणून.

मोलिसेंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोनवर हात ठेवून वर बघितलं आणि पडेल आवाजात तेफोला म्हणाले, "वरून विचारताहेत, हे लाल कपड्यातले डीलर कुठल्या टेबलावरचे?"

पण तेफोला ऐकू आलं नाही. मापुलेंगबाई समोर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"तेफो! इथे सेवा करतोस तू? आणि यांना सगळ्यांना तू शिकवलंस? या असल्या जागी?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्या अक्षरावर गाई होत्या, मोजे होते, पुलेंग होती. पुलेंग रांगेत उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मदतीला येण्याचं तिचं काही लक्षण दिसत नव्हतं.

"नाही, म्मे," तेफो म्हणाला. "मी यांना शिकवलं नाही. यांनी मला शिकवलं. मी इथे चाक फिरवतो. लोक पैसे लावतात, मी गोळी सोडतो. आणि ते हात देवासाठी नाहीत." त्याने छतातल्या काळ्या काचेच्या घुमटाकडे बोट दाखवलं. "त्याच्यासाठी आहेत. तो बघतो, आम्ही काही चोरलंय का."

गायकमंडळात कुणीतरी "हं" केलं, तेही बरोबर 'दो'मध्ये.

मापुलेंगबाईंनी मान मागे टाकून त्या घुमटाकडे पाहिलं.

"सारखा बघतो?"

"सारखा."

"डुलकी लागत नाही?"

"पाळ्या आहेत, म्मे."

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "इतके रविवार मी देवाच्या मंडळीला जुगाऱ्यांची खूण करायला लावली."

"हो, म्मे."

"आणि पाद्रीबाबांनी त्यावर प्रवचन दिलं."

"दोन, म्मे."

बाईंचे खांदे हलले. तेफोला वाटलं, रडताहेत. मग लाल ब्लाउजाच्या आतून कुठूनतरी खोल आवाज निघाला, कॉलरपर्यंत आला आणि फुटला. मापुलेंगबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी टेबलाचा काठ धरला.

"न्ताते रापित्सो!" त्या कशाबशा म्हणाल्या. "अरे, न्ताते रापित्सो किती वाळले!"

हसू रांगेतून मागे मागे गेलं, खर्जातल्या पुरुषांपर्यंत. न्ताते रापित्सो तिथेच उभे होते. त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली.

मग बाईंनी डोळे पुसले आणि चेहरा गुरुवारचा केला.

"पण तू मला फसवलंस."

"हो, म्मे."

"हातांना एवढं वळण लावलंस. तोंडाला का नाही लावलं?"

"तोंडावर कॅमेरा नव्हता, म्मे."

"आता आहे," मापुलेंगबाई म्हणाल्या, आणि दोन बोटांनी स्वतःचे डोळे दाखवले. "आधी गाणं. मग कोंबडी. तुझं काय करायचं ते कोंबडीनंतर."

हॉलमध्ये त्यांनी 'दो' साठी तोंडाने सूर धरलाच नाही. दार उघडं ठेवायला सांगितलं, यंत्रांचा सूर आत येऊ दिला आणि त्यावर गाणं उचललं. आधी बायका, मग मधले आवाज, मग खालून पुरुष. बाहेर यंत्रांसमोरच्या आजींनी गळ्यातल्या दोऱ्या सोडवल्या आणि त्या दाराशी गोळा झाल्या. पत्ते खेळणारा नदीपलीकडच्या देशातला व्यापारी हातातले पत्ते तसेच धरून उभा राहिला. गाणं चालू होतं तोवर एकानेही पैसा लावला नाही. असं तिथे पूर्वी घडलेलं नव्हतं. वरून फोन आला. मोलिसेंनी उचलला आणि ऐकायला म्हणून हॉलच्या दिशेने धरला.

त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं, म्हणजे पत्रे, पोलिसांच्या गायकमंडळाला गेले. दुसरं बक्षीस होतं हॉटेलचं नाव छापलेल्या छत्र्या, प्रत्येकाला एक. गळक्या छपराचा विचार करता परीक्षकांनी फार दूर चूक केली नव्हती.

जेवणाला तेफोला बाईंच्या समोर बसवण्यात आलं. बाईंनी कोंबडीची तंगडी संपवली, हाडाकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं फुकट कसं परवडतं रे यांना? मालक कधी हरत नाही?"

"रोज हरतो, म्मे. कुणीतरी जिंकतच असतं. पण चाकावर काळी-तांबडी घरं असतात, त्यात एक हिरवं शून्य असतं. लाल-काळ्यावर लावलेला सगळा पैसा शून्य आलं की मालकाचा. ते फार वेळा येत नाही. पण येत राहतं."

"म्हणजे कोंबडी शून्याने घातली."

"हो, म्मे."

"बरी शिजलीय." बाईंनी बोटं पुसली. "आता ऐक. पुलेंगच्या बापाच्या हातांवर मी जन्मभर एकटीने लक्ष ठेवलं. माझे डोळे गेले त्यात. तुझ्या हातांवर लक्ष ठेवायला इथे पगारी माणसं आहेत, पाळ्या लावून. असा जावई मला या अख्ख्या गावात दुसरा सापडणार नाही. नोकरी वाईट आहे. हात चांगले आहेत. काकांना सांग, शनिवारी या. आणि गाई नीट बघून आणा म्हणावं, मी दात तपासते."

पुलेंगने टेबलाखालून तेफोच्या पायावर पाय दिला, इतका जोरात की त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पुन्हा नियमाबाहेर गेला.

"आणि चर्चमधलं ते?" त्याने विचारलं. "टाळी, तळवे? बंद करायचं?"

"खुळा आहेस का? दान वाढलंय." बाईंनी आवाज खाली आणला. "छपरात कॅमेरा नसतानाही चाललं ना? मग चालू दे. पाद्रीबाबांना कळवायची गरज नाही. तिसरं प्रवचन तयार आहे त्यांचं. आणि ताट यापुढे तू फिरवायचं. न्ताते रापित्सोंना विश्रांती हवी आहे, त्यांनी मला आत्ताच सांगितलं."

न्ताते रापित्सो दुसऱ्या टेबलावर सूप पीत होते. त्यांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं, पण मान मात्र हलवली.

लग्न झालं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि चर्चमध्ये निम्म्या बाकांवर छत्र्यांवरचा 'निळा डोंगर' उघडून बसलेला होता. मोलिसे आले होते, सगळे डीलर आले होते. वरच्या खोलीतला माणूसही आला होता. त्याला प्रत्यक्षात कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. बुटका होता आणि सारखा खालून वर बघत होता, त्याची त्याला सवय नव्हती.

मापुलेंगबाईंनी लेकीला हाताला धरून पुढे आणलं. तिचा हात तेफोच्या हातात दिला. मग त्या एक पाऊल मागे सरकल्या. तळवे हलकेच एकमेकांवर आपटले, बोटं फाकवली, तळवे वर केले, मग पालथे. छपराच्या भोकातून एक थेंब बरोबर त्यांच्या हातावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"होतं नव्हतं ते सगळं दिलं," त्या म्हणाल्या. "मी काही ठेवून घेतलेलं नाही. आता टेबल तुझं."

तेफोचे हात सवयीने उचलले गेले. पण टाळीला दोन हात मोकळे लागतात, आणि पुलेंगने एक सोडला नाही. तो तसाच उभा राहिला, एक तळवा छपराकडे धरून. मागच्या बाकावरून वरच्या खोलीतला माणूस मोठ्याने म्हणाला, "चार नंबर, चालेल!"